एक नकाशा, दोन सर्व्हर

मित्रांनो, मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे मराठी सांभाळून घ्या!

आमचा प्रोजेक्ट म्हणजे कॅम्पसचा नकाशा, दोन सर्व्हरवर. एक बंद पडला तर दुसरा आहेच. फायली दोन्हीकडे सारख्या राहाव्यात म्हणून आम्ही विंडोज सर्व्हरचं डीएफएस रेप्लिकेशन लावलं. इकडे फाईल बदलली की बदल आपोआप तिकडे पोचतो. झकास!

पण एका रात्री मी एका सर्व्हरवर आणि रूममेटने दुसऱ्यावर एकच फाईल बदलली. रेप्लिकेशन दुसरीकडच्या फाईलला कुलूप लावत नाही. ज्याचा बदल शेवटचा, त्याचीच फाईल टिकते. माझी टिकली, तिची तीन तासांची मेहनत गायब! ती माझ्याशी बोलेना. सकाळी सरांनी सांगितलं, हरलेली फाईल ‘कॉन्फ्लिक्ट अँड डिलीटेड’ नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये जाते. त्याची मर्यादा भरली की जुन्या फायली पुसल्या जातात. नशीब, तिची फाईल तिथे होती.

तेव्हा धडा असा: नकाशाच्या तयार टाइल्स क्वचित बदलतात, त्यांच्या खुशाल प्रती करा. सेटिंग्जच्या फायली मात्र एकाच शेअरवर ठेवा, दोन्ही सर्व्हर तिथूनच वाचतील. त्या शेअरचा बॅकअप विसरू नका.

मेसचा मेनू प्रत्येक मजल्यावर लावा हो, पण हिशोबाची वही एकच हवी!