तंबाखूने मन खरंच शांत होतं का?

आज इथे आशाताई आहेत, आश्रमशाळांचे शिक्षक आहेत, पालकही आले आहेत. मानसिक आजार असलेल्या तरुण मुलांच्या तंबाखूबद्दल आज आपण बोलू.

नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव-अक्कलकुव्यापासून नवापूरपर्यंत, आम्ही घरच्यांकडून एक वाक्य ऐकतो: "खाऊ द्या हो त्याला. आधीच आजारी आहे, तेवढीच जिवाला शांती." वाक्य मायेचं आहे, पण त्यात एक गफलत आहे.

तंबाखूतलं निकोटीन मेंदूत पोचलं की थोडं बरं वाटतं. साधारण दोन तासांत त्याची रक्तातली पातळी निम्म्यावर येते. मग चिडचिड, बेचैनी, कशात लक्ष न लागणं सुरू होतं. पुढची चिमूट दाढेखाली गेली की ते थांबतं. मुलाला वाटतं, टेन्शन गेलं. गेली ती फक्त तलफ, आणि ती आधीच्या चिमटीनेच आणली होती. मुलाला नैराश्य किंवा स्किझोफ्रेनिया असेल, तर ही चिडचिड आपण आजाराच्या खात्यात जमा करतो.

तंबाखू सोडल्यावर पहिला आठवडा जड जातो. दोन ते चार आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. पुढे चिंता आणि उदासी कमी होते, असं अभ्यासांत दिसलं आहे. मानसिक आजार असलेल्यांमध्येसुद्धा. म्हणून आजाराचे उपचार आणि तंबाखू सोडणं, दोन्ही सोबत चालू शकतं.

आता एक महत्त्वाची गोष्ट. विडी-सिगारेटच्या धुरामुळे ओलान्झापिन, क्लोझापिन ही औषधं शरीरातून लवकर बाहेर पडतात. विडी एकदम बंद केली तर त्याच डोसने गुंगी, चक्कर येऊ शकते. म्हणून विडी सोडण्याआधी डॉक्टरांना सांगायचं; गोळ्या स्वतःहून कमी-जास्त करायच्या नाहीत. तंबाखू-चुना, गुटखा, मिसरी यांत धूर नाही, त्यामुळे औषधावर हा परिणाम होत नाही. तोंडाच्या कर्करोगाचा धोका मात्र आहेच. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ बिनधुराची तंबाखू वापरत होते, धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते. आपला मुख्य प्रश्न पुडीचाच आहे.

मग करायचं काय? आशाताईंनी गोळ्यांची चौकशी करताना तंबाखूचीही करावी, पण न रागावता. घरातल्या मोठ्यांनी मुलाला पुडी आणायला पाठवू नये. दिवाळीनंतर कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत जातं तेव्हा गोळ्यांचा साठा सोबत द्यावा. उपचार तुटले की तंबाखू वाढायला वेळ लागत नाही. शिक्षकांनी लक्षात ठेवावं: २००३ च्या कायद्याने १८ वर्षांखालच्यांना तंबाखू विकायला आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत विक्रीला बंदी आहे. मूल एकटं राहू लागलं, झोप उडाली, तर आधी त्याच्याशी बोला. पुष्कळदा पुडी त्यानंतर येते.

मुलाने पुन्हा तंबाखू खाल्ली तर "झालं, संपलं" म्हणू नका. बऱ्याच जणांची ती अनेक प्रयत्नांनंतर सुटते. मन मोकळं करायला टेली-मानसचा १४४१६ आणि तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६, हे दोन्ही नंबर मोफत आहेत. वहीत लिहून घ्या. आता तुमचे प्रश्न घेऊ.