खुर्ची रिकामी होण्याचा मुहूर्त

वॉशिंग्टन : जून संपत आला की या शहरात एक विचित्र चौकशी सुरू होते. अमुक न्यायमूर्तींची तब्येत कशी आहे? तमुक न्यायमूर्तींनी पुढच्या सत्रासाठी लॉ क्लार्क नेमले की नाही? नेमले नसतील तर पत्रकारांचे कान टवकारतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे सत्र ऑक्टोबरात सुरू होते आणि मोठमोठे निकाल देत जूनच्या अखेरीस आटोपते. निवृत्ती जाहीर करायची तर बहुधा याच सुमारास. अँथनी केनेडी यांनी २०१८ मध्ये सत्राच्या शेवटच्या दिवशी, २७ जूनला ती जाहीर केली आणि पुढचे सव्वातीन महिने देशात दुसरा विषय नव्हता.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ६५व्या वर्षी निवृत्त होतात. कोण कधी जाणार आणि ज्येष्ठतेने कोण सरन्यायाधीश होणार, याचे कोष्टक वकील मंडळी कितीतरी वर्षे आधी मांडून मोकळी होतात. अमेरिकेत वयाची अटच नाही. वर्तन चांगले आहे तोवर पद, असे राज्यघटना सांगते. म्हणजे मरेपर्यंत, नाहीतर स्वतःहून सोडेपर्यंत. खुर्च्या नऊ. हा आकडाही घटनेतला नव्हे, १८६९च्या कायद्यातला. त्यातली एखादी कधी रिकामी होईल हे सगळे दैवाधीन. जिमी कार्टर यांना चार वर्षांत एकही जागा भरायला मिळाली नाही. डोनाल्ड ट्रम्प यांना पहिल्याच चार वर्षांत तीन मिळाल्या. इथल्या भांडणांचे मूळ मला यातच दिसते. नाव कोणाचेही पुढे येवो, भांडतात ते तारखेवरून.

घटनेत कार्यपद्धती जवळजवळ नाहीच. राष्ट्राध्यक्षांनी नाव सुचवायचे, सिनेटने संमती द्यायची, संपले. किती दिवसांत द्यायची, सुनावणी घ्यायची की नाही, यावर घटनाकारांनी एक अक्षर लिहिलेले नाही. सिनेटचे सदस्य शंभर, प्रत्येक राज्याचे दोन. चार कोटींच्या आसपास वस्तीच्या कॅलिफोर्नियाचे दोन आणि सहा लाखही माणसे नसलेल्या वायोमिंगचेही दोनच. त्यामुळे सिनेटचे बहुमत आणि लोकांचे बहुमत एकाच बाजूला असेल याची हमी नाही.

आता २०१६ची गोष्ट, कारण इथे कोणाशीही या विषयावर बोला, दुसऱ्या वाक्याला ती येतेच. १३ फेब्रुवारीला न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया टेक्सासमधल्या एका रँचवर मृतावस्थेत आढळले. प्रथेप्रमाणे न्यायालयातल्या त्यांच्या खुर्चीवर आणि समोरच्या बाकावर काळे कापड चढवण्यात आले. ते चढण्याआधीच, बातमी आली त्याच दिवशी, सिनेटमधले रिपब्लिकन बहुमताचे नेते मिच मॅककॉनेल यांनी सांगून टाकले की ही जागा नव्या राष्ट्राध्यक्षांनीच भरावी. निवडणुकीला जवळजवळ नऊ महिने होते. बराक ओबामांनी मार्चमध्ये मेरिक गारलंड यांचे नाव पाठवले. गारलंड मध्यममार्गी, रिपब्लिकनांनीही पूर्वी वाखाणलेले. त्यांना कोणी नाकारले नाही. नाकारायचे तर मतदान घ्यावे लागते. मतदान नाही, सुनावणी नाही, कित्येक सिनेटरांनी भेटसुद्धा दिली नाही. कागद २९३ दिवस पडून राहिला आणि सिनेटची मुदत संपताच आपोआप निकालात निघाला. फाइल दाबून ठेवण्याचे कौतुक आपल्याला कोणी सांगायला नको, पण कॅमेऱ्यासमोर उभे राहून, कारण सांगून ती दाबणे ही कला वेगळीच.

त्या दिवसांत दक्षिण कॅरोलिनाचे रिपब्लिकन सिनेटर लिंडसे ग्रॅहम यांनी छातीठोकपणे सांगितले होते : उद्या आमचा राष्ट्राध्यक्ष असताना त्याच्या पहिल्या कारकिर्दीच्या शेवटच्या वर्षी अशीच जागा रिकामी झाली, तर माझे शब्द माझ्यावरच उलटवा. १८ सप्टेंबर २०२० रोजी न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग वारल्या. वर्ष नेमके तेच आणि सिनेटच्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष नेमके ग्रॅहम. शब्द त्यांच्यावर रोज उलटवले गेले. त्यांच्या गावीही नव्हते. ॲमी कोनी बॅरेट यांचे नाव २६ सप्टेंबरला जाहीर झाले आणि २६ ऑक्टोबरला ५२ विरुद्ध ४८ मतांनी मंजूर झाले. निवडणूक ३ नोव्हेंबरला होती. २०१६मध्ये राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचे आणि सिनेट दुसऱ्या पक्षाचे होते, आता दोन्ही एकाच पक्षाचे आहेत, असा खुलासा झाला. खुलाशात तथ्य एवढेच की या खेपेस मते होती.

डेमोक्रॅट तरी धुतल्या तांदळासारखे आहेत का? १९९२मध्ये, निवडणुकीच्या वर्षी, नेमणूक लांबणीवर टाकावी असे भाषण सिनेटर जो बायडेन यांनीच केले होते. आणि खालच्या न्यायालयांतल्या नेमणुकांची चर्चा संपवायला लागणारी ६० मतांची अट २०१३मध्ये मोडली ती डेमोक्रॅटांनी. सर्वोच्च न्यायालय त्यांनी तेवढे वगळले. २०१७मध्ये नील गोरसच यांच्यासाठी रिपब्लिकनांनी तेही उरकले. तेव्हापासून साधे बहुमत पुरते, आणि दुसऱ्या पक्षाला पटेल असे नाव शोधण्याची गरजच संपली. स्कालिया १९८६मध्ये ९८ विरुद्ध शून्य मतांनी आले होते, त्यांच्या अगदी उलट मतांच्या गिन्सबर्ग १९९३मध्ये ९६ विरुद्ध ३ मतांनी. दोघे एकत्र ऑपेराला जायचे. आज हे नव्या पत्रकारांना सांगितले तर दंतकथा वाटते.

गिन्सबर्ग यांच्याबद्दल उदारमतवाद्यांच्या मनात आदर आहे आणि एक न बोलली जाणारी चिडही आहे. २०१३मध्ये त्या ८० वर्षांच्या होत्या, कर्करोगाशी दोनदा झुंजलेल्या. राष्ट्राध्यक्ष आपले, सिनेट आपले. ओबामांनी त्यांना जेवायलाही बोलावले होते. निवृत्तीचा विषय थेट काढायला मात्र त्यांची जीभ रेटली नाही, असे नंतर छापून आले. पुढच्या वर्षी सिनेट हातचे गेले. या अनुभवाने डेमोक्रॅट इतके पोळले की बायडेन येताच स्टीफन ब्रायर यांच्या मागे लागले. २०२१च्या एप्रिलमध्ये ‘ब्रायर, निवृत्त व्हा’ असा मोठा फलक लावलेला एक ट्रक सर्वोच्च न्यायालयाच्या संगमरवरी इमारतीभोवती चकरा मारत होता. ८२ वर्षांच्या, सभ्य, विद्वान न्यायाधीशाला आपल्याच बाजूचे लोक असे रस्त्यावरून हाकलू पाहत होते. ते पुढच्या वर्षी निवृत्त झाले, आणि त्यांच्या जागी केतांजी ब्राउन जॅक्सन आल्या.

मग त्या सुनावण्यांत चालते काय? उमेदवाराला सिनेटरांच्या दारोदार घेऊन फिरणाऱ्या अनुभवी माणसाला इथे ‘शेर्पा’ म्हणतात. खोट्या सुनावण्या घेऊन उलटतपासणीची तालीम होते. आणि तालमीचा सगळा भर काही न सांगण्यावर. पुढे प्रकरण माझ्यासमोर येऊ शकते, म्हणून बोलणार नाही, हे वाक्य सगळ्यांना तोंडपाठ. बॅरेट यांना एका सिनेटरने विचारले, समोर काय टिपणे ठेवली आहेत? त्यांनी वही उचलून दाखवली : पान कोरे. वाहवा झाली. मला ते कोरे पान या सगळ्या प्रकाराचा इमानदार फोटो वाटतो.

हे शहाणपण आले १९८७मधून. रोनाल्ड रेगन यांनी रॉबर्ट बोर्क यांचे नाव सुचवले तेव्हा तासाभराच्या आत सिनेटर एडवर्ड केनेडी यांनी सिनेटमध्ये तोफ डागली. विरोधातल्या टीव्ही जाहिरातीला आवाज होता खुद्द अभिनेते ग्रेगरी पेक यांचा. वॉशिंग्टनच्या एका साप्ताहिकाने तर बोर्क व्हिडिओच्या दुकानातून कोणत्या कॅसेट आणतात ती यादी छापली. यादीत आक्षेपार्ह काही निघाले नाही, पण सिनेटर आणि खासदार एवढे धास्तावले की पुढच्याच वर्षी असली यादी उघड करण्याविरुद्ध कायदा झाला! स्वतःवर शेकण्याची शक्यता दिसली की कायदे किती झटपट होतात. बोर्क मात्र समितीपुढे पाच दिवस बोलले. खासगीपणाचा हक्क, गर्भपात, प्रत्येक प्रश्नाला आपल्याला वाटते ते सांगितले. ४२ विरुद्ध ५८ मतांनी हरले. मला त्यांची मते पटत नाहीत; पण ज्या सुनावणीतून लोकांना खरोखर काही कळले अशी ती बहुधा शेवटचीच. तिचा धडा पुढच्या प्रत्येक उमेदवाराने गिरवला : तोंड उघडू नये.

ब्रेट कॅव्हनॉ यांची २०१८ची सुनावणी जगाने पाहिली. क्रिस्टीन ब्लेझी फोर्ड यांचा लैंगिक अत्याचाराचा आरोप, कॅव्हनॉंचा इन्कार, दोन्ही बाजूंचा संताप. त्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. मला आठवतो तो मतदानातला एक बारकावा. मोंटानाचे सिनेटर स्टीव्ह डेन्स यांच्या मुलीचे लग्न त्याच दिवशी होते. ते कॅव्हनॉंच्या बाजूचे, आणि अलास्काच्या लिसा मर्कोव्स्की विरोधात. डेन्स यांना लग्न सोडून यावे लागू नये म्हणून मर्कोव्स्कींनी विरोधी मत न देता नुसती हजेरी नोंदवली. निकाल लागला ५० विरुद्ध ४८. इतक्या विखारी लढाईत एवढा शेजारधर्म शिल्लक होता, हेही वार्तापत्रात नोंदवायला हवे.

या सगळ्याचे फळ २०२२च्या जूनमध्ये हाती आले. गर्भपाताचा १९७३पासूनचा घटनात्मक हक्क न्यायालयाने काढून घेतला. बहुमतात ट्रम्प यांनी नेमलेले तिघेही होते. न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्या मराठी कुटुंबांना सर्वोच्च न्यायालयाचा विषय लांबचा वाटायचा. २०२५च्या जानेवारीत ट्रम्प यांनी जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वावर आदेश काढला, आणि एच-१बी व्हिसावर असलेल्या आईवडिलांच्या इथे जन्मणाऱ्या बाळांचाही प्रश्न त्यात आला, तेव्हा तो घरात शिरला. जूनमध्ये ६ विरुद्ध ३ असा निकाल लागला : खालच्या न्यायाधीशांनी अशा आदेशांना सरसकट देशभर स्थगिती देऊ नये. आदेश घटनेत बसतो का, हे त्या निकालात ठरले नाही. निकालपत्र लिहिले होते बॅरेट यांनी, निवडणुकीच्या आठ दिवस आधी खुर्चीवर बसलेल्या.

भारतातून फोन आला की विचारतात, आपले कॉलेजियम बरे की हे? आपल्याकडे बंद खोलीत न्यायाधीशच न्यायाधीश निवडतात आणि सरकार नावे अडवून धरते; ती पद्धत बदलू पाहणारा आयोग २०१५मध्ये न्यायालयानेच रद्द केला. इथे सारे उघड्यावर चालते आणि तरी उमेदवाराच्या मनातले काही कळत नाही. दगडापेक्षा वीट मऊ म्हणावे, तर दगड कोणता हेच मला ठरवता आलेले नाही. निवृत्तीची तारीख आधी ठाऊक असणे मात्र मला फार मोलाचे वाटू लागले आहे.

इथेही ते काहींना पटते. १८ वर्षांची मुदत ठेवा, म्हणजे दर दोन वर्षांनी एक जागा, प्रत्येक राष्ट्राध्यक्षाला चार वर्षांत दोन. कोणाच्या मरणाची वाट पाहायला नको. बायडेन यांनी २०२४च्या जुलैमध्ये ही सूचना मांडली, स्वतः निवडणुकीतून माघार घेतल्यानंतर. रिपब्लिकनांनी ती त्याच दिवशी मोडीत काढली. अनेक घटनातज्ज्ञांच्या मते यासाठी घटनादुरुस्ती लागेल, म्हणजे दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते आणि ५० पैकी ३८ राज्यांची मंजुरी. तिथवर मजल जाण्याआधीच चर्चा एका प्रश्नापाशी अडते : नवी पद्धत सुरू करायची कोणत्या सालापासून, आणि पहिल्या दोन जागा कोणाच्या कारकिर्दीत?