घड्याळ कोणाचे? परदेशी व्यवहार आणि नमाजच्या वेळा

व्यापारात आपण मालाचा भाव, वजन आणि मुदत पक्की करून घेतो. वेळ मात्र गृहीत धरतो. धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यातील ज्या बांधवांची माणसे आखातात कामाला आहेत किंवा ज्यांचा माल परदेशी ग्राहकाकडे जातो, त्यांना या बाबतीत थोडे सावध राहावे लागते. कारण काही देशांत वर्षातून दोनदा घड्याळाचे काटे सरकवले जातात. आपल्याकडे तसे होत नाही.

उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करायचे आणि हिवाळा आला की परत मागे घ्यायचे, अशी ही पद्धत आहे. तिचे कारण दिवसाच्या लांबीत आहे. लंडनमध्ये जूनमधील दिवस साडेसोळा तासांहून मोठा असतो आणि डिसेंबरमधील आठ तासांपेक्षा लहान. आपल्या जिल्ह्यात मोठ्यात मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि लहानात लहान सुमारे अकरा तासांचा. एवढ्या थोड्या फरकासाठी काटे हलवून आपल्याला काही लाभ नाही. दुसऱ्या महायुद्धात मात्र, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात, हिंदुस्थानचे घड्याळ एक तास पुढे ठेवले होते.

आता प्रत्यक्ष हिशेब पाहू. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथे काटे पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत हा फरक साडेचार तासांचा राहतो. लंडनच्या ग्राहकाने "सकाळी नऊला फोन करा" असे सांगितले, तर हिवाळ्यात आपल्याकडे दुपारचे अडीच वाजलेले असतात, उन्हाळ्यात दीड. शुक्रवारी दीडला अनेक मशिदींत जुमा चालू असतो. म्हणजे हिवाळ्यात सोयीची असलेली वेळ एप्रिलमध्ये थेट नमाजवर येते. ग्राहकाला हे आधी कळवले तर तो दुसरी वेळ देतो. न कळवता फोन उचलला नाही तर तो आपल्याला बेभरवशाचे समजतो.

न्यूयॉर्कचा फरक हिवाळ्यात साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास आहे. अमेरिकेत मात्र काटे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. त्यामुळे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे अमेरिका बदललेली आणि युरोप न बदललेला, अशी स्थिती असते. याच दिवसांत गोंधळ अधिक होतो.

आखाताशी व्यवहार करणाऱ्यांना ही अडचण नाही. दुबई आणि ओमान वर्षभर आपल्यापेक्षा दीड तास मागे, तर सौदी अरेबिया, कतार, कुवेत आणि बहरीन अडीच तास मागे असतात. पण सर्व मुस्लिम देशांचा नियम एक नाही. तुर्कस्तानने २०१६ मध्ये काटे मागे घेणे बंद करून उन्हाळी वेळच कायम केली. इराणने २०२२ मध्ये ही पद्धत सोडली. इजिप्तने २०२३ मध्ये ती पुन्हा सुरू केली. मोरोक्कोने २०१८ मध्ये वर्षभर एक तास पुढे राहून फक्त रमजानमध्ये मागे येण्याचे ठरवले.

भारतात १ जानेवारी १९०६ पासून एकच प्रमाण वेळ आहे. मुंबईने ती लगेच मानली नाही. गिरणी कामगारांनी विरोध केला आणि शहरात सुमारे ३९ मिनिटे मागची "मुंबई वेळ" १९५५ पर्यंत चालू राहिली. आज घड्याळ सर्वत्र एक आहे, पण सूर्य सर्वत्र एकाच क्षणी मावळत नाही. ही गोष्ट रमजानमध्ये विशेष महत्त्वाची आहे.

धाराशिवपेक्षा हैदराबादला सूर्यास्त सुमारे दहा मिनिटे आधी होतो, तर मुंबईत सुमारे बारा-तेरा मिनिटे उशिरा. दुकानात हैदराबादच्या व्यापाऱ्याने दिलेले वेळापत्रक लावून त्यावर इफ्तार केला, तर सूर्य मावळण्यापूर्वीच रोजा सुटेल. मुंबईच्या वेळापत्रकावर सहरी केली, तर सुबह सादिक होऊन गेल्यावरही खाणे चालू राहील. दोन्हींत रोजाच धोक्यात येतो. जिल्ह्यातल्या जिल्ह्यातही उमरग्याचा सूर्यास्त परांड्याच्या सुमारे पाच मिनिटे आधी होतो. म्हणून परगावी माल घेऊन जाणाऱ्याने तिथल्या मशिदीची वेळ विचारून घ्यावी, आणि मालकाने कारागिरांची सुट्टी स्थानिक वेळापत्रकानुसार ठरवावी.

परदेशी ग्राहकाशी वेळ ठरवताना "तुमचे किती, आमचे किती" हे दोन्ही आकडे लिहून घ्यावेत. मार्च व ऑक्टोबर संपताना ते पुन्हा तपासावेत. माल पोहोचवण्याच्या मुदतीतही तारखेसोबत कोणत्या देशाची वेळ ते नमूद करावे. उधारीचा मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरामध्ये आलीच आहे. त्या लिखाणात घड्याळ कोणाचे, एवढा एक शब्द वाढवला तर पुढचे अनेक वाद टळतील.