गाडी वर घ्यायची, पण कशावर?

मालवणजवळच्या देवबागच्या वाळूत फिरून आलेल्या स्कूटरचा मागचा ड्रम उघडला की आत ओली वाळू आणि गंज एकत्र मळलेला सापडतो. तो खरवडायला आमच्या ओळखीचा फिटर पंचवीस वर्षं उकिडवा बसतोय. चतुर्थीआधी चाकरमान्यांच्या गाड्या, ज्या वर्षभर पडवीत झाकून ठेवलेल्या असतात, आणि दिवाळीनंतर पर्यटकांच्या. या दोन हंगामांत त्याचे गुडघे गेले. मे महिन्यात त्याने मला विचारलं, "भाऊ, रॅम्प घेव काय?"

गॅरेजात मोटारसायकल लिफ्टला रॅम्पच म्हणतात. मला घरच्या मांगरात गाडी खोलून बसायचा नाद आहे, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. मीही उत्साहाने हो म्हटलं आणि मग दोन महिने आम्ही टेप घेऊन फिरलो.

आधी वजन. स्प्लेंडर साधारण 112 किलोची, अ‍ॅक्टिवा त्याहून थोडी हलकी, क्लासिक 350 बुलेट 195 किलोची. आंबोली किंवा करूळ घाट उतरून येणारी बुलेट दोन पेट्या आणि सामानासकट येते, म्हणजे 230-240 किलो धरावेच लागतात. त्यात अडकलेला नट सोडवताना फिटर पान्यावर लोंबकळतो, तो भार वेगळा. म्हणून 300 किलोची पाटी असलेला रॅम्प आमच्या हिशेबात बसेना. गॅरेजसाठी 450-500 किलोचाच घ्यावा. लांबीचंही तसंच: बुलेट सव्वादोन मीटरला थोडी कमी. फळी आखूड असेल तर मागचं चाक काठावर येतं आणि ते काढायला जागा उरत नाही. मागच्या चाकाखालचा पत्रा उचलून निघतो की नाही, हे दुकानातच बघावं. पत्रा निघत नसेल तर टायर बदलताना गाडीला पुन्हा जॅक लावावा लागतो, आणि मग रॅम्प घेतला कशाला?

आता कैचीची गंमत. बहुतेक रॅम्प दोन पट्ट्यांच्या कैचीवर उभे राहतात. कैची मिटलेली असताना सर्वात जास्त जोर लागतो. सिलिंडर तळाशी आडवा असेल तर पट्ट्या जमिनीशी 10 अंशांत असताना उचलायच्या वजनाच्या साडेपाच पटींहून जास्त ताकद लागते. 45 अंशांवर ती वजनाएवढीच होते. म्हणून पहिली वीतभर उंची गाठताना पाय दुखतो आणि पुढे पंप लोण्यासारखा चालतो. स्वस्तातल्या रॅम्पचं पितळ त्या पहिल्या वीतभरातच उघडं पडतं: फळी कचकचते, एका बाजूला कलते. दुकानदार रिकामा रॅम्प कमरेएवढा आधीच वर करून दाखवत असेल तर त्याला तो खाली घ्यायला सांगा आणि गाडीसकट पुन्हा वर करायला लावा.

उचलायची शक्ती तीन प्रकारची: पायाचा हायड्रॉलिक पंप, विजेची मोटर आणि कॉम्प्रेसरची हवा. पंक्चरसाठी कॉम्प्रेसर असतोच, म्हणून हवेचा रॅम्प मोह पाडतो. पण किनाऱ्यावरच्या दमट हवेमुळे टाकीत रोज पाणी साचतं. ते न सोडता हवा वापरली तर झडपा गंजतात. शिवाय हवा दबते, त्यामुळे नट फोडताना गाडी किंचित हिंदकळते. विजेचा रॅम्प सुखाचा, पण आमच्याकडे? 2021च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा मालवण तालुक्यात विजेचे खांब आडवे झाले आणि गावंच्या गावं कित्येक दिवस अंधारात होती. वादळ नसतानाही पावसाळ्यात वीज जातेच. एका गॅरेजात मी स्वतः पाहिलं: बुलेट छातीएवढ्या उंचीवर आणि वीज गुल. मालक दोन तास टॉर्च घेऊन बसला. पंपाच्या बुडाशी रबरी टोपीखाली हाताने सोडायचा स्क्रू होता, अर्धा फेरा फिरवला की रॅम्प सावकाश उतरला असता. टोपी कुणी कधी काढूनच बघितली नव्हती. म्हणून विजेचा घेणार असाल तर तो स्क्रू आधी शोधा. आम्ही पायाचा घेतला.

खाली उतरवायचा स्क्रू आणि सुरक्षेची खीळ या वेगळ्या गोष्टी. तेलावर विसंबून फळीखाली हात घालू नये. सील कधी फाटेल सांगता येत नाही. प्रत्येक टप्प्यावर लोखंडी खीळ किंवा दातेरी पट्टी अडकली पाहिजे, आणि अडकल्याचा आवाज आला पाहिजे. पुढचं चाक धरणारा शिकंजा घट्ट हवा, पण मिश्रधातूच्या चाकाला चरे न पाडणारा. दोन पट्टे वरून ओढून बांधायची सवयही लावून घ्यावी.

खरा शत्रू मात्र खारा वारा आणि वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस. सिलिंडरच्या चकचकीत दांड्यावर गंजाचा एक ठिपका पडला की तो सील कापतो आणि तेल झिरपायला लागतं. रॅम्प नेहमी खाली बसवून ठेवा, म्हणजे दांडा आत तेलात राहतो. रंगापेक्षा जोडांच्या पिना बघा, त्यांना ग्रीसची निपल आहेत का ते तपासा. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय असं समजा आणि बदला.

आता जमीन. आमच्याकडे मांगर जांभ्याच्या चिऱ्यांचा, खाली शेणाचं सारवण किंवा पातळ कोबा. रॅम्पचं सगळं वजन चार पायांवर येतं; पोकळ फरशी तडकते आणि फळी तिरकी होते. फिटरने चार इंच जाडीचं काँक्रीट ओतून महिनाभर पाणी मारलं, मगच बोल्ट ठोकले. खड्डा मात्र काढू नका. पावसात तो विहीर होतो.

घरासाठी? एकच स्प्लेंडर असेल तर रॅम्प घेऊ नये. गाडीला डबल स्टँड आहे, इंजिनखाली लहान कैचीचा जॅक पुरतो. डबल स्टँड नसलेल्या गाडीला पॅडॉक स्टँड घ्यावा. दोन-तीन घरांत मिळून चार गाड्या असतील, आणि दर महिन्याला कुणी ना कुणी खोलत असेल, तरच मोठा रॅम्प परवडतो. मी माझ्यासाठी घेतला नाही, आणि त्याचं वाईट वाटत नाही.

फिटरचा रॅम्प बसून दोन महिने झाले. पहिल्या दिवशी तो बुलेटच्या तेलाची टोपी उघडत उभा होता. म्हणाला, "आता खाली बसाक लागना नाय, पण सवयीन बसाक जातंय."

तुम्ही घ्यायला निघालात तर दुकानदाराला एक विनंती करा: सर्वात जड गाडी फळीवर चढवून, खीळ काढून, रात्रभर उभी ठेवा, खाली कुणी फिरकू देऊ नका. फळीची उंची संध्याकाळी आणि सकाळी टेपने मोजा. एक सेंटीमीटरही उतरली असेल तर दुसरं दुकान बघा.