रवांडाचे शंभर दिवस : आंतरराष्ट्रीय संस्था माणसं वाचवू शकतात का?

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी प्रश्नोत्तरांतील निवडक भाग दिला आहे.)

मागच्या वेळी आपण मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यापाशी थांबलो होतो. १० डिसेंबर १९४८. बाजूने ४८ मतं, विरोधात एकही नाही, ८ देश तटस्थ. पहिल्या कलमाच्या मसुद्यात सर्व ‘पुरुष’ असा अर्थ निघू शकेल अशी शब्दयोजना होती. ती बदलून सर्व ‘माणसं’ अशी करावी म्हणून आपल्या हंसाबेन मेहता आग्रही राहिल्या, हे आपण पाहिलं. त्याच्या आदल्याच दिवशी, ९ डिसेंबरला, वंशसंहारविरोधी करारही मंजूर झाला होता. वंशसंहार रोखणं आणि गुन्हेगारांना शिक्षा करणं, ही दोन्ही कामं त्या कराराने देशांवर टाकली.

आजचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. कागद झाला, सह्या झाल्या. पण उद्या एखाद्या देशाचं सरकारच आपल्या लोकांवर उठलं, तर त्या कागदाने माणूस वाचतो का? याचं उत्तर सगळ्या जगाचा आढावा घेऊन देण्यापेक्षा आपण एकच उदाहरण नीट बघू : रवांडा, १९९४.

तिथे सैन्य होतं

आपल्याकडे एक समज आहे की रवांडात संयुक्त राष्ट्रं पोचलीच नाहीत. तसं नाही. ती आधीपासून तिथे होती. हुतू बहुसंख्याकांचं सरकार आणि तुत्सींचं प्राबल्य असलेली बंडखोर संघटना यांच्यात ऑगस्ट १९९३ मध्ये टांझानियातल्या अरुशा इथे करार झाला. त्यावर देखरेख ठेवायला ऑक्टोबरमध्ये शांतिसेना मंजूर झाली. कॅनडाचे जनरल रोमेओ दालेअर हे तिचे प्रमुख. सैनिक सुमारे अडीच हजार.

आता तारखा लक्षात घ्या. ही शांतिसेना मंजूर झाली ५ ऑक्टोबरला. त्याच्या दोनच दिवस आधी सोमालियात, मोगादिशूच्या रस्त्यांवर, १८ अमेरिकी सैनिक मारले गेले होते. त्यामुळे न्यूयॉर्कमध्ये आणि वॉशिंग्टनमध्ये एकच भावना होती : पुन्हा आफ्रिकेत अडकायचं नाही. रवांडाची मोहीम जन्मालाच या भीतीच्या सावलीत आली.

११ जानेवारी १९९४ ला दालेअर यांनी न्यूयॉर्कला एक संदेश पाठवला. आतल्या गोटातल्या एका माणसाने त्यांना सांगितलं होतं की शस्त्रांचे साठे केले जात आहेत, तुत्सींच्या याद्या तयार होत आहेत, आणि वीस मिनिटांत हजारापर्यंत माणसं मारता येतील अशी तयारी आहे. दालेअर म्हणाले, मी हे साठे जप्त करतो. मुख्यालयाचं उत्तर आलं की हे तुमच्या अधिकारात बसत नाही. उलट, ही माहिती रवांडाच्या राष्ट्राध्यक्षांना आणि तीन देशांच्या दूतावासांना कळवा. म्हणजे बघा, ज्यांच्या माणसांबद्दल तक्रार, त्यांच्याच दारात तक्रार नेऊन द्यायची.

६ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष हाब्यारिमाना यांचं विमान पाडलं गेलं आणि कत्तल सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी बेल्जियमचे दहा शांतिसैनिक मारले गेले. मारणाऱ्यांचा हिशेब साधा होता : थोडे गोरे सैनिक मारले की बाकीचे परत जातात. आणि तसंच झालं.

किगालीतली शाळा

राजधानी किगालीत एक तांत्रिक शाळा होती. तिथे बेल्जियमच्या शांतिसैनिकांचा तळ होता, म्हणून सुमारे दोन हजार लोक तिथे आसऱ्याला आले. निळ्या टोप्या दिसल्या, लोकांना वाटलं आपण वाचलो. ११ एप्रिलला परदेशी नागरिकांना बाहेर काढण्यात आलं, आणि मग सैनिकही निघून गेले. लोक गाड्यांसमोर आडवे झाले, विनवण्या केल्या. सैनिक गेल्यावर थोड्याच वेळात त्या जमावाला हाकत नेऊन बहुतेकांना ठार करण्यात आलं.

मी हे उदाहरण मुद्दाम सांगतो, कारण इथे संस्थेचं अपयश नुसतं ‘काही केलं नाही’ एवढंच नाही. तिच्या भरवशावर लोक एका जागी जमले. अर्धवट आश्वासन हे कधी कधी आश्वासन नसण्यापेक्षाही धोक्याचं ठरतं.

२१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने ठराव केला. तो सैन्य वाढवण्याचा नव्हता, २७० माणसांवर आणण्याचा होता. त्या वेळी परिषदेच्या पंधरा सदस्यांत खुद्द रवांडाच्या सरकारचा प्रतिनिधी बसलेला होता! अमेरिकेचे प्रवक्ते ‘वंशसंहार’ हा शब्द थेट वापरणं टाळत होते, कारण तो उच्चारला की १९४८ च्या कराराची जबाबदारी अंगावर येते अशी धास्ती होती. मे महिन्यात साडेपाच हजार सैनिक मंजूर झाले, पण द्यायला देश पुढे येईनात. सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. कत्तल थांबली ती जुलैमध्ये, बंडखोरांच्या लष्करी विजयाने.

आता दुसरी बाजू. दालेअर यांनी २७० चा आकडा शब्दशः पाळला नाही. घानाच्या तुकडीसह काहीशे सैनिक मागे राहिले. त्यांनी किगालीतलं स्टेडियम आणि इतर काही जागा राखल्या, आणि तिथले हजारो लोक जगले. हाताशी काही नसताना एवढं झालं, तर जास्त माणसं आणि स्पष्ट अधिकार असते तर काय झालं असतं? १९९९ मध्ये स्वीडनचे माजी पंतप्रधान इंग्वार कार्लसन यांच्या चौकशी समितीने हेच बोट ठेवलं : साधनं अपुरी होती आणि राजकीय इच्छाशक्ती नव्हती.

नंतरचा न्याय

रोखण्याचं काम फसलं. मग शिक्षेचं? नोव्हेंबर १९९४ मध्ये सुरक्षा परिषदेने रवांडासाठी न्यायाधिकरण नेमलं, अरुशालाच. १९९८ मध्ये ज्याँ-पॉल अकायेसू या माजी महापौराला तिथे शिक्षा झाली. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने वंशसंहारासाठी दोषी ठरवलेला हा पहिला माणूस. बलात्कार हाही वंशसंहाराचा भाग असू शकतो, हे याच निकालात प्रथम मान्य झालं. त्या पीठावर दक्षिण आफ्रिकेच्या, भारतीय वंशाच्या नवी पिल्ले होत्या. माजी पंतप्रधान कांबांदा यांनी गुन्हा कबूल केला, त्यांना जन्मठेप झाली. रेडिओवरून चिथावणी देणाऱ्यांनाही २००३ मध्ये शिक्षा झाली.

पण हिशेब पुरा मांडू. वीस वर्षांहून अधिक काळ चाललेल्या या न्यायाधिकरणाने ९३ जणांवर आरोप ठेवले. विजयी बाजूच्या सैनिकांनीही हत्या केल्या होत्या, पण त्यांच्यापैकी एकावरही तिथे खटला चालला नाही. लाखो प्रकरणं शेवटी रवांडातल्या गावसभांसारख्या ‘गचाचा’ न्यायालयांनी हाताळली. त्या पद्धतीतही त्रुटी होत्या, पण शेजाऱ्याला शेजाऱ्याच्या समोर उभं करण्याचं काम दूरच्या शहरातलं न्यायालय करू शकलं नसतं.

हस्तक्षेप केला तर?

रवांडानंतर जगाला लाज वाटली. २००५ च्या जागतिक शिखर परिषदेत सगळ्या देशांनी मान्य केलं की जनतेचं रक्षण ही सरकारची जबाबदारी आहे, आणि ते उघडपणे कमी पडलं तर सुरक्षा परिषदेमार्फत जगाने पाऊल उचलावं. २०११ मध्ये लिबियात याचा वापर झाला. गद्दाफींचं सैन्य बेनगाझीच्या दिशेने येत होतं. १७ मार्चला ठराव झाला : १० मतं बाजूने, ५ तटस्थ. भारत तटस्थ होता. नागरिकांच्या रक्षणासाठी दिलेली परवानगी पुढे सत्तांतरापर्यंत गेली. ऑक्टोबरमध्ये गद्दाफी मारले गेले आणि देश यादवीत सापडला. त्याच महिन्यात सीरियाबाबतचा ठराव आला तेव्हा रशिया आणि चीन यांनी नकाराधिकार वापरला. लिबियात आमची फसवणूक झाली, हे कारण त्यांना आयतंच मिळालं होतं. त्याची किंमत सीरियातल्या लोकांनी मोजली.

तर मग निष्कर्ष काय? संयुक्त राष्ट्रं म्हणजे देशांच्या वर बसलेलं सरकार नव्हे. ती देशांचीच सभा आहे, तिच्याकडे स्वतःचं सैन्य नाही. म्हणून नोंद ठेवणं, साक्षी जमवणं, नियम घडवणं, उशिरा का होईना शिक्षा करणं, हे तिला बऱ्यापैकी जमतं. चालू असलेली कत्तल थांबवणं तेव्हाच जमतं, जेव्हा मोठ्या देशांना ते हवं असतं. म्हणून ‘संयुक्त राष्ट्रांनी काय केलं?’ याच्याबरोबर ‘आपल्या सरकारने तिथे कुठे मत दिलं?’ हेही विचारायला हवं. आपण ते क्वचितच विचारतो.

प्रश्नोत्तरे

*प्रश्न : सर, १९७१ मध्ये भारताने पूर्व पाकिस्तानात केलं तो मानवतावादी हस्तक्षेपच नव्हता का?*

परिणाम बघितला तर हो. सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले होते, आणि युद्धानंतर हत्याकांड थांबलं. पण भारताने मुख्य भर दिला तो स्वसंरक्षणावर, कारण ३ डिसेंबरला पाकिस्तानने हवाई हल्ला केला होता. आणि एक गोष्ट आपण विसरतो. ७ डिसेंबरला आमसभेने युद्धबंदीचा ठराव १०४ विरुद्ध ११ मतांनी केला, म्हणजे जग आपल्या विरोधात होतं. सीमा ओलांडणाऱ्याचा हेतू चांगला की वाईट हे त्या क्षणी कोण ठरवणार, ही अडचण तेव्हाही होती, आजही आहे.

*प्रश्न : मग या संस्था बंदच का करू नयेत?*

दालेअर यांचा जानेवारीतला संदेश आपल्याला आज का माहीत आहे? कारण तो संस्थेच्या दप्तरात राहिला, आणि तिच्याच चौकशी समितीने तिलाच दोषी धरलं. संस्था नसती तर आठ लाख माणसं तेव्हाही मेली असती, पण जाब विचारायला जागा उरली नसती. मला संस्था बंद व्हायला नको आहे. तिथल्या निर्णयांचा हिशेब आपापल्या देशात मागितला जायला हवा आहे.

पुढच्या वेळी आपण आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे वळू. भारत, अमेरिका, चीन आणि रशिया त्याचे सदस्य का नाहीत, तिथून सुरुवात करू.