चढाईपटू केव्हा घ्यावा?

कबड्डीचा संघ बांधताना बहुतेक मंडळींची दृष्टी प्रथम चढाईपटूवर खिळते. ते स्वाभाविकच आहे. टाळ्या चढाईला मिळतात. कोपऱ्यात वाकून उभा राहणारा गडी प्रेक्षकांच्या लक्षातही राहत नाही. परंतु चढाईपटू घ्यावा की नाही, यापेक्षा तो केव्हा घ्यावा, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे असे मला वाटते.

2014 साली सुरू झालेल्या प्रो कबड्डीच्या लिलावांनी या प्रश्नाचा जणू जमाखर्चच मांडून ठेवला आहे. 2022 च्या लिलावात तमिळ थलायवाज संघाने पवन सेहरावत या चढाईपटूसाठी 2 कोटी 26 लाख रुपये मोजले. साऱ्या संघासाठी मर्यादा होती 4 कोटी 40 लाखांची. म्हणजे निम्म्याहून अधिक रक्कम एका गड्यावर! पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि तो हंगामाला मुकला. गंमत पुढेच आहे. नरेंदर नावाच्या नवख्या तरुणाने दोनशेहून अधिक गुण मिळवले आणि हा संघ प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचला. त्याच हंगामात आपल्या बंगळूरु बुल्सने विकास कंडोलाला 1 कोटी 70 लाख दिले. पण संघाचा भार वाहिला तो भरत या स्वस्तात मिळालेल्या पोराने.

यावर कोणी म्हणेल, पाटण्याने प्रदीप नरवालच्या जोरावर लागोपाठ तीन विजेतेपदे पटकावली, आणि जानेवारी 2019 च्या अंतिम सामन्यात बंगळूरुच्या 38 गुणांपैकी 22 एकट्या पवनचे होते, त्याचे काय? आक्षेप योग्य आहे. मात्र हे दोघेही तेव्हा उमेदीत होते, त्यांचा भाव चढायचा होता. प्रदीप तर 2015 साली बंगळूरुकडेच होता! त्याला जाऊ दिले, पाटण्याने उचलले. 2024 मध्ये बंगळूरुने त्याला 70 लाखांना परत आणले, तेव्हा त्याचा बहर ओसरला होता; संघ तळाला गेला. 2025 च्या लिलावात त्याला कोणी घेतले नाही आणि तो निवृत्त झाला.

कारण उघड आहे. चढाईपटू एकटा सात जणांत शिरतो. घोटा, गुडघा, खांदा, सगळ्यांवर ओढाताण. त्याची किंमत ठरते गेल्या वर्षीच्या गुणांवर, शरीर मात्र पुढच्या वर्षी खेळायचे असते. शिवाय चपळ पायांची पोरे दरसाल नवी येतात. कोपरारक्षक आणि त्याच्याशी हात जुळलेला मध्यरक्षक यांची साखळी जमायला मात्र काळ लागतो. पुणेरी पलटणने 2023 मध्ये मोठी रक्कम, 2 कोटी 35 लाख, मोजली ती पकडीत निष्णात असलेल्या इराणी महंमदरझा शादलूईसाठी. चढाया अस्लम इनामदार, पंकज मोहिते अशा मराठी तरुणांवर सोपवल्या आणि मार्च 2024 मध्ये विजेतेपद मिळवले. त्याच लिलावात पवनसाठी 2 कोटी 60 लाखांहून अधिक देणारे तेलुगू टायटन्स शेवटच्या क्रमांकावर राहिले.

आपल्याकडे भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागांत कोटींचा प्रश्न नसतो. असतो तो वर्गणीचा. जत्रेच्या सामन्यांसाठी बाहेरगावचा नामांकित चढाईपटू मानधन देऊन आणायचा आणि गावची पोरे राखीव बसवायची, हा प्रकार मला मुळीच रुचत नाही. तो पाहुणा दोन दिवस खेळून निघून जातो. तेवढ्या पैशांत पोरांना वर्षभर पकडी शिकवणारा जाणता मार्गदर्शक ठेवता येईल. शाळांच्या संघांतही चलाख मुलगा दिसला की सगळ्या चढाया त्याच्याच माथी मारल्या जातात. पंधराव्या वर्षी गुडघ्याला पट्टी बांधून तो मैदानावर येतो. तालुका स्पर्धेसाठी बारा मुले निवडताना आधी दोन्ही कोपरे भरावेत, मग मध्यरक्षक, आणि चढाईला एक नव्हे, तीन मुले आलटून पालटून पाठवावीत. त्यांतला एखादा आठवीतला असला तर उत्तमच.