एस्टोनियात शिकायला जायचं? आधी ई-रेसिडेन्सीचा गोंधळ मिटवू

या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना जे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' शंभर वेळा आले, त्यातले बरेचसे काढलेत.

सांगलीहून एका श्रोतीची व्हॉइस नोट आली होती. "दादा, मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. एजंट म्हणतो, जर्मनीला फार गर्दी झालीय, तू एस्टोनियाला जा. आधी ई-रेसिडेन्सी काढून घे, मग व्हिसाचं काम सोपं होतं. बाबा शेत तारण ठेवून कर्ज काढायला तयार आहेत. काय करू?"

यातल्या एका गोष्टीचं उत्तर सरळ आहे, ते आधी देतो. ई-रेसिडेन्सीचा आणि व्हिसाचा काडीचा संबंध नाही. एस्टोनियाने ही योजना २०१४च्या डिसेंबरात सुरू केली. बाहेरच्या माणसाला एक डिजिटल ओळखपत्र मिळतं, त्यावर तो घरबसल्या तिथे कंपनी नोंदवू शकतो, कागदपत्रांवर डिजिटल सही करू शकतो. बास. त्या कार्डावर तुम्हाला देशात पाऊल ठेवता येत नाही, राहता येत नाही, शिकता येत नाही. विद्यार्थ्याला लागतो विद्यापीठाचा प्रवेश आणि त्यानंतर दीर्घ मुदतीचा डी व्हिसा किंवा शिक्षणासाठीचा तात्पुरता निवास परवाना. दूतावास नवी दिल्लीत आहे, म्हणजे ते तिकीटही बजेटमध्ये धरा. जो एजंट या दोन गोष्टी एकत्र कालवतो, त्याचं बाकीचं बोलणंही तपासून घे, बाई.

आता देश कसा आहे ते बघू. बाल्टिक समुद्राच्या काठावर, फिनलंडच्या समोर. टालिनहून हेलसिंकीला बोटीने साधारण दोन तास लागतात. क्षेत्रफळ सुमारे ४५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा जेमतेम सातवा हिस्सा. लोकसंख्या तेरा-चौदा लाख. २०११च्या जनगणनेत एकट्या पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या सतरा लाखांवर होती! हा आकडा डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे. १९९१मध्ये सोव्हिएत संघातून बाहेर पडून देश पुन्हा स्वतंत्र झाला, २००४मध्ये युरोपियन युनियनमध्ये आला, २०११पासून तिथे युरो चालतो.

आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांना या देशाचं आकर्षण का, हे सांगताना मी थोडा वाहवत जाणार आहे, सांभाळून घ्या. तिथे प्रत्येकाला 'इसिकुकोड' नावाचा अकरा आकडी क्रमांक असतो. पहिला आकडा शतक आणि लिंग सांगतो, पुढचे सहा जन्मतारीख, मग तीन आकडी अनुक्रमांक आणि शेवटचा आकडा तपासणीचा. आपल्या आधारच्या बारा आकड्यांतून माणसाबद्दल काहीच कळत नाही, इथे वाढदिवस उघड दिसतो. ओळखपत्रात चिप आणि दोन पिन असतात. पहिला पिन 'मीच तो' हे सांगायला, दुसरा सही करायला. ती सही कायद्याने हातच्या सहीइतकीच पक्की.

पण खरी मजा मागच्या बाजूला आहे. सगळी माहिती एका मोठ्या डेटाबेसमध्ये कोंबलेली नाही. प्रत्येक खात्याचा डेटा त्या खात्याकडेच राहतो आणि २००१पासून चालू असलेल्या 'एक्स-रोड' या व्यवस्थेतून खाती एकमेकांना सही केलेले, एन्क्रिप्ट केलेले संदेश पाठवतात. प्रत्येक विचारणेची नोंद राहते. तुमची माहिती कोणत्या सरकारी खात्याने कधी उघडली, हे बऱ्याच बाबतींत तुम्हालाच बघता येतं. आणि हे सगळं निर्दोष आहे असंही नाही. २०१७मध्ये ओळखपत्रांच्या चिपमध्ये सुरक्षेची त्रुटी सापडली, साडेसात लाखांच्या आसपास कार्डं त्यात अडकली. सरकारने ती गोष्ट स्वतः जाहीर केली आणि नोव्हेंबरात प्रमाणपत्रं स्थगित करून नवी दिली. मला तरी ते कार्डापेक्षा भारी वाटलं.

हे सगळं छानच. पण शेतावरचं कर्ज एक्स-रोडवर फिटत नाही. तेव्हा मघाचा आकडा काढू.

पिंपरी-चिंचवडपेक्षा कमी माणसांच्या देशात नोकऱ्या किती असणार? स्काइपचं मूळ सॉफ्टवेअर इथल्या इंजिनिअरांनी लिहिलं, बोल्ट ही टॅक्सी कंपनी २०१३मध्ये इथेच सुरू झाली. स्टार्टअपमध्ये इंग्रजी चालतं, हे खरं आहे. पण या कंपन्या मोजक्या आणि त्यांच्या दारात तुमच्याबरोबर तुमचा अख्खा वर्ग उभा असतो. त्या बाहेर पडलात की एस्टोनियन भाषा लागते.

ही भाषा इंग्रजी-जर्मनच्या घराण्यातली नाही, फिनिशची बहीण आहे. नामाच्या विभक्त्या चौदा! आपण शाळेत आठ पाठ करताना घामाघूम व्हायचो. दिलासा एवढाच, की लिंगभेद नाही. तो, ती दोघांना 'ता'. भविष्यकाळाचं वेगळं रूपही नाही. पाच वर्षांनी दीर्घकालीन निवासाचा दर्जा हवा असेल तर बी-१ पातळीची परीक्षा द्यावी लागते. विद्यापीठांत परदेशी मुलांसाठी भाषेचे वर्ग असतात. पहिल्याच सेमिस्टरला नाव घाला, 'नंतर बघू' म्हणाल तर राहून जातं.

"पार्ट टाइम करून फी काढू" हे वाक्यही एजंटकडून हमखास येतं. विद्यार्थ्याने आठवड्याला किती तास काम करायचं, यावर तिथे ठराविक मर्यादा नव्हती, अट अशी की शिक्षण पूर्णवेळ चालू राहिलं पाहिजे. आता हिशोब करा. एका क्रेडिटला विद्यार्थ्याचे २६ तास धरतात. वर्षाला ६० क्रेडिट, म्हणजे १,५६० तास. शैक्षणिक वर्ष ४० आठवड्यांचं. भागा. आठवड्याला ३९ तास निव्वळ अभ्यासाचे. त्यावर डिलिव्हरीची २०-२५ तासांची नोकरी चढवा, तीही टार्टूच्या बर्फात, डिसेंबरमध्ये, जेव्हा दिवस सहा-साडेसहा तासांचा असतो. क्रेडिट मागे पडले की पूर्णवेळचा दर्जा धोक्यात, आणि तो गेला की परवाना धोक्यात. खिशाला हातभार लागेल, फी निघेल असं धरून चालू नका.

पदवीनंतर नोकरी शोधायला २७० दिवस थांबता येतं, असा नियम आतापर्यंत आहे. हे नियम बदलतात, म्हणून माझ्या पॉडकास्टवर किंवा कुठल्याही रीलवर विसंबू नका. अर्ज करण्याआधी तिथल्या पोलिस आणि सीमारक्षक मंडळाच्या वेबसाइटवर वाचा.

मग जायचंच नाही का? तसं नाही. माझ्या मते जायचं कारण तो अभ्यासक्रम असला पाहिजे, 'व्हिसा मिळतो म्हणे' हे नव्हे. उदाहरण देतो. २००७मध्ये या देशाच्या बँका, वर्तमानपत्रं आणि सरकारी साइट्सवर मोठे सायबर हल्ले झाले. पुढच्या वर्षी नाटोचं सायबर संरक्षण केंद्र टालिनमध्ये उभं राहिलं. टालिनचं तंत्रज्ञान विद्यापीठ आणि १६३२मध्ये स्थापन झालेलं टार्टू विद्यापीठ मिळून सायबर सुरक्षेचा दोन वर्षांचा मास्टर्स चालवतात. ज्याला हाच विषय करायचा आहे, त्याच्यासाठी हे गाव आडवळणाचं नाही, मुख्य रस्त्यावरचं आहे.

तेव्हा ताई, तुझ्यासाठी. फी-माफीच्या जागा कोणत्या अभ्यासक्रमांना आहेत, ते थेट विद्यापीठाच्या साइटवर बघ. मुलांचे मास्टर्सचे प्रबंध तिथे ऑनलाइन सापडतात, चार-पाच वाच आणि हे करायला आवडेल का ते ठरव. एजंटला विचार, त्याला कमिशन कोणत्या कॉलेजकडून मिळतं. आणि कर्जाचा हप्ता पुण्यातल्या फ्रेशरच्या पगारातून भरता येईल का, हा हिशोब बाबांसोबत बसून कर, कारण दोन वर्षांनी परत यावं लागलं तर तोच पगार हातात असेल. तेवढ्यात बसत नसेल तर शेताला हात लावू नकोस. दोन वर्षं नोकरी कर, पैसे साठव, मग अर्ज कर. टार्टू विद्यापीठ चारशे वर्षांच्या घरात आलंय, अजून दोन वर्षं कुठे जात नाही.

निघालीसच तर दोन बारक्या गोष्टी. अंधारात चालताना कोटाला चमकणारा रिफ्लेक्टर लावणं पादचाऱ्यांना तिथे कायद्याने बंधनकारक आहे. आणि दुकानात 'कामा' नावाचं भाजलेल्या धान्यांचं पीठ मिळतं, आंबट दुधात कालवून पितात. सातूच्या पिठावर वाढलेल्यांना ते परकं वाटणार नाही.

पुढच्या भागात लिथुआनिया घेऊ, तिथल्या मेडिकलच्या जागांबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय. प्रश्न व्हॉइस नोटनेच पाठवा, पण प्लीज, दोन मिनिटांच्या आत!